खाचराची कड आणि खाडीचा काठ

खारेपाटातला शेतकरी जमीन गुंठ्यांत सांगतो, पण पावसाळ्याच्या तोंडावर त्याला घोर लागतो तो बांधाच्या लांबीचा. धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांना, अलिबाग आणि पेण तालुक्यांत, ही भातजमीन पसरली आहे. खाडीला मागे सारून, मातीचे बांध घालून ती पिढ्यान्‌पिढ्या कसली गेली. मोठ्या भरतीला खाडीचे पाणी आतल्या खाचरांपेक्षा उंच असते आणि दोघांच्या मध्ये उभा असतो तो फक्त बाहेरकाठा. उधाणात त्याला खांड पडली की खारे पाणी थेट भातात शिरते आणि पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत ती जमीन पिकाचे नाव घेत नाही. खांड एकाच्या खाचरापाशी पडते, पाणी मात्र आजूबाजूच्या सगळ्यांच्या शेतात पसरते.

म्हणजे या भागात जमिनीचे भवितव्य ठरते ते तिच्या कडेवर. कागद मात्र क्षेत्राचा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेले असतात. बांध किती मीटरचा, त्याला कोणाकोणाची खाचरे लागून आहेत, हे तिथे नसते. हा पेच आजचा नाही. पेणकडच्या खारजमिनींच्या जुन्या महसुली व्यवस्थेत शिलोत्री नावाची पद्धत होती. बाहेरचे बांध राखण्यासाठी बिघ्यामागे मणाच्या हिशेबाने धान्य घेतले जाई. वसुली क्षेत्रावर आणि काम लांबीवर, असा तो मेळ होता. पुढे १९७९ साली महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला, पेणला खारभूमी विकास विभागाचे कार्यालय आहे, काही योजना शासकीय तर काही खाजगी आहेत. पण प्रश्न तोच राहतो: हा बांध नेमका कुठून कुठपर्यंत, आणि त्याच्या आत कोण कोण?

गावनकाशे आता संगणकावर आले आहेत, तेव्हा याचे उत्तर चुटकीसरशी मिळावे असे कुणालाही वाटेल. तसे मिळत नाही. संगणकातल्या नकाशात प्रत्येक खाचर हे एक बंद आकृती म्हणून साठवलेले असते. तिला पॉलिगन म्हणतात. गट क्रमांक, क्षेत्र, खातेदार ही सगळी माहिती त्या आकृतीला चिकटवलेली असते. खाडी हीसुद्धा एक मोठी आकृतीच. या नकाशात बांध नावाची वस्तूच नसते. दोन आकृत्या जिथे एकमेकींना भिडतात तिथे आपल्या डोळ्यांना रेष दिसते, संगणकाला ती दिसत नाही. बांधाबद्दल काही विचारायचे तर आधी त्या आकृत्यांच्या कडा सोडवून त्यांच्या सुट्या रेषा कराव्या लागतात. नकाशाच्या कामात हे रोजचे, छोटेसे काम आहे. कळ दाबली की होते, म्हणून त्याच्या पोटात काय चालते ते फारसे कुणी पाहत नाही. पण खारेपाटासारख्या प्रदेशात तेच पाहण्यासारखे आहे.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. अशी एकेका गुंठ्याची दोन चौकोनी खाचरे शेजारी शेजारी आहेत असे धरू. पश्चिमेचे 'अ', त्याला लागून पूर्वेला 'ब'. 'अ'च्या नैर्ऋत्य कोपऱ्याला शून्य-शून्य मानले, पहिला आकडा पूर्वेकडचे अंतर आणि दुसरा उत्तरेकडचे, तर संगणक 'अ' असे लिहून ठेवतो: (०,०), (०,३३), (३३,३३), (३३,०), (०,०). कोपरे चार, नोंदी पाच. कारण निघालो तिथे परत आल्याशिवाय आकृती बंद होत नाही. 'ब'ची नोंद अशी: (३३,०), (३३,३३), (६६,३३), (६६,०), (३३,०).

आता कडा सोडवू. लागोपाठच्या दोन-दोन बिंदूंची जोडी म्हणजे एक रेषाखंड. 'अ'चे चार, 'ब'चे चार, एकूण आठ. प्रत्येकी ३३ फूट, म्हणजे २६४ फूट. पण शेतात जाऊन फीत धरली तर बांध भरतो २३१ फूट, कारण मधला बांध एकच आहे आणि संगणकाने तो दोनदा मोजला आहे, एकदा 'अ'चा म्हणून आणि एकदा 'ब'चा म्हणून. दोन खाचरांत ३३ फुटांचा फरक पडला. पाच-पाचच्या दोन रांगांत अशी दहा खाचरे घेतली तर सुट्या कडा ४० निघतात आणि खरे बांध भरतात २७. खाचरांची परिमिती एकत्र करून बांधबंदिस्तीचा अंदाज काढणारा माणूस इथे जवळजवळ दीडपट माती लिहून बसेल.

ही दुबार मोजणी कशी ओळखायची? इथे एक सुंदर गोष्ट हाताशी येते. वरच्या नोंदी पुन्हा पाहा. दोन्ही खाचरांभोवती आपण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरलो आहोत. मधल्या बांधावरून 'अ'च्या फेरीत आपण (३३,३३) कडून (३३,०) कडे, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेला गेलो. 'ब'च्या फेरीत त्याच बांधावरून (३३,०) कडून (३३,३३) कडे, दक्षिणेकडून उत्तरेला. सगळ्या आकृत्या एकाच दिशेने गिरवल्या असतील तर दोघांमधली प्रत्येक कड दोनदा येते आणि दोन्ही वेळा उलट दिशेने येते. दिशेच्या या नियमाला अपवाद नाही. घड्याळाच्या दिशेने चालताना आपले खाचर नेहमी उजव्या हाताला असते, तेव्हा शेजाऱ्याचे डाव्या हाताला असणारच.

मग कृती सोपी होते. सगळे रेषाखंड यादीत टाकायचे आणि प्रत्येकाची उलटी जोडी शोधायची. जोडी सापडली तर तो आतला बांध: एकदाच ठेवायचा, आणि त्याच्यापुढे डावीकडे कोण, उजवीकडे कोण हे लिहायचे. जोडी सापडली नाही तर ती बाहेरची कड. आपल्या उदाहरणात सहा कडांना जोडी नाही आणि एका बांधाला आहे. खाडीची आकृतीही यादीत घातली, आणि खाडी 'अ'च्या पश्चिमेला असली, तर (०,०) ते (०,३३) या कडेलाही जोडीदार मिळतो. उजवीकडे खाचर, डावीकडे खाडी. हाच बाहेरकाठा. शेकडो खाचरांच्या नकाशात 'एका बाजूला शेत आणि दुसऱ्या बाजूला खाडी' एवढी अट घातली की संपूर्ण बाहेरकाठा एका रेषेत उभा राहतो, आणि त्याच्या प्रत्येक तुकड्यामागे कोणत्या गटाची जमीन आहे हेही सोबत येते.

हे डावे-उजवे लिहिण्याचे महत्त्व नकाशाशास्त्राला १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उमगले. १९७० च्या जनगणनेची तयारी करताना अमेरिकेच्या जनगणना विभागाने कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात एक प्रयोग केला. त्यातून डाइम नावाची पद्धत निघाली. त्यांनी मोहल्ल्यांच्या आकृत्या काढल्याच नाहीत. रस्त्याचा एकेक तुकडा नोंदवला: कुठून निघतो, कुठे संपतो, डाव्या हाताला कोणता ब्लॉक, उजव्या हाताला कोणता. एका ब्लॉकचे सगळे तुकडे गोळा करून ते एकाला एक जुळत शेवटी बंद होतात का, एवढे पाहिले की नोंदणीतली चूक आपोआप उघडी पडे.

आपल्याकडे मात्र दस्त लिहिणाऱ्यांनी हीच माहिती फार आधीपासून कागदावर ठेवली आहे. कोणतेही खरेदीखत काढून पाहा, त्यात चतुःसीमा असतात: पूर्वेस अमुक गट, पश्चिमेस खाडी, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस अमक्याची जमीन. जमीन किती हे सांगून दस्त थांबत नाही, तिच्या प्रत्येक अंगाला काय आहे हे तो सांगतो. तंटा होतो तो गुंठ्यांवरून क्वचित, बांध कोरल्यावरून नेहमी. म्हणून ही काळजी. मला खरेच वाटते की गावनकाशे संगणकावर चढवताना क्षेत्राची जेवढी निगा राखली गेली, तेवढी या चतुःसीमांची राखायला हवी होती. भूमी अभिलेख कार्यालयातल्या जुन्या टिपणांत साखळीने मोजलेली मापे आहेत, दस्तांत शेजार आहे. आणि संगणकाच्या आकृतीत दोन्ही गळून फक्त कुंपण उरले आहे. कडांच्या रेषा करणे म्हणजे ती माहिती परत मिळवणे.

प्रत्यक्ष काम आता कुणालाही घरी करता येते. क्यूजीआयएस हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी सुरू केले आणि आज ते जगभर वापरले जाते. त्याच्या व्हेक्टर मेनूत 'पॉलिगन्स टू लाइन्स' ही आज्ञा आहे. ती चालवली की प्रत्येक खाचराची एक सलग, बंद रेष मिळते. एवढ्याने भागत नाही, हे लक्षात घ्यायला हवे: सामाईक बांध अजूनही दोनदा आहे, एकावर एक पडल्यामुळे पडद्यावर एकच दिसतो इतकेच. पुढची आज्ञा 'एक्स्प्लोड लाइन्स'. ती प्रत्येक कोपऱ्यावर रेष तोडते आणि दोन-दोन बिंदूंचे रेषाखंड हाती देते. आर्कजीआयएसमधली 'पॉलिगन टू लाइन' ही आज्ञा शेजाराची खूण चालू ठेवली तर एका फटक्यात पुढचे काम करते. सामाईक कड एकदाच ठेवते आणि डावीकडचा व उजवीकडचा क्रमांक तक्त्यात लिहिते. ज्या बाजूला कुणीच नाही तिथे उणे एक पडते. क्यूजीआयएसमधूनच चालवता येणारे ग्रास हे जुने सॉफ्टवेअर तर मुळातच कडा एकदाच साठवते.

तुकडे किती बारीक करायचे हा निर्णय मात्र माणसाचा. खाडीचा काठ वळणावळणाचा असतो. प्रत्येक बिंदूवर तोडला तर एका खाचराच्या काठाचे तीस-चाळीस चिंधोट्यांसारखे तुकडे होतात आणि त्यांच्या नोंदी ठेवणे अशक्य होते. बांधाच्या नोंदवहीसाठी योग्य तुकडा म्हणजे दोन तिठ्यांमधला भाग: जिथे तीन हद्दी एकत्र येतात तिथून पुढच्या तशा जागेपर्यंत. तेवढ्या पट्ट्यात दोन्ही बाजूंचे धनी बदलत नाहीत.

याच तिठ्यांवर नकाशे सर्वांत जास्त फसतात. आपल्या 'अ' आणि 'ब'च्या उत्तरेला ६६ फूट रुंदीचे एकच खाचर 'क' आहे असे समजा. त्याची दक्षिणेची कड (६६,३३) ते (०,३३) अशी सरळ एक आहे. 'अ' आणि 'ब'च्या उत्तरेच्या कडा मात्र दोन आहेत आणि त्या (३३,३३) वर मिळतात. 'क'च्या नोंदीत तो मधला बिंदूच नाही. शेतात तिथे हद्दीचा दगड असेल, नकाशा गिरवणाऱ्याने 'क' काढताना तिथे थांबायची गरज नव्हती म्हणून तो थांबला नाही. उलट जोडी शोधणाऱ्या संगणकाला ६६ फुटांच्या कडेची जोडी सापडत नाही, ३३ च्या दोघांचीही नाही, आणि आतले तिन्ही तुकडे बाहेरची कड म्हणून समोर येतात. भर शेतात बाहेरकाठा दिसू लागतो. म्हणून जोड्या लावण्याआधी सगळ्या रेषा एकमेकींवर टाकून, जिथे दुसऱ्याचा बिंदू येतो तिथे त्या तोडून घ्याव्या लागतात.

दुसरी फसगत सेंटिमीटरची. दोन खाचरे दोन वेळा, दोन हातांनी गिरवली असतील तर एकाचा कोपरा ३३ वर आणि दुसऱ्याचा ३३.०२ वर बसतो. डोळ्यांना फरक नाही, पण संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे बिंदू. मधे सुईएवढी फट किंवा पातळ कपटा राहतो. उपाय म्हणजे ठरावीक अंतराच्या आतले बिंदू एकमेकांना चिकटवणे, ज्याला सॉफ्टवेअर स्नॅपिंग म्हणते. हे अंतर बेताने ठरवायचे. खारेपाटात दोन खाचरांमधली पायवाटेएवढी पट्टी खरोखरच असते. मीटर-दीड मीटरची मुभा दिली की ती नकाशातून पुसली जाते.

आकृतीच्या आतल्या भोकांचेही पाहिले पाहिजे. खारेपाटात तळी खूप, आणि तळ्यातला जिताडा मासा ही तिथली शान. खाचराच्या पोटात तळे असेल तर त्या आकृतीला दोन कडा असतात, एक बाहेरची आणि एक तळ्याभोवतीची. शेपफाइल या प्रचलित साठवणीत बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने आणि आतली उलट दिशेने लिहितात, म्हणजे दोन्हींवरून चालताना जमीन उजव्या हातालाच राहते. समुद्राची आकृती घेतली तर खांदेरी, उंदेरी, मुरूडचा जंजिरा ही सगळी तिच्यातली भोके. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे काय करायचे? भरतीला तो बेट आहे, ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत जाता येते. भरतीची रेषा धरून समुद्र काढला तर किल्ल्याची कड हे स्वतंत्र वर्तुळ निघते. ओहोटीची धरली तर ते वर्तुळ किनाऱ्याच्या रेषेत मिसळून जाते. एकाच नकाशात दोन्ही रेषा मिसळल्या तर कोणतेच गणित जुळत नाही.

भरतीच्या रेषेला कायद्यातही वजन आहे. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, नंतरच्या २०११ आणि २०१९ च्या. या तिन्हींत अंतरे मोजली जातात ती भरती रेषेपासून. २०१९ च्या नियमांत खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते. आता एखाद्याने गावाच्या आकृतीभोवतीच ५० मीटरचा पट्टा काढला तर तो गावाच्या चारही अंगांना पडेल, डोंगराकडेही आणि शेजारच्या गावाकडेही. आधी कड सोडवायची, त्यातली फक्त खाडीकडची बाजू निवडायची आणि मगच पट्टा काढायचा. खारेपाटासाठी तर नियमात आणखी एक तरतूद आहे. १९९१ च्या त्या अधिसूचनेआधी बांधलेला बांध किंवा उघाडी (पाणी सोडण्या-अडवण्याचे दार) असेल तर भरती रेषा त्या बांधाशीच थांबते. म्हणजे बाहेरकाठा हीच कायद्याची रेषा. बांधाच्या आत खारे पाणी शिरून तिवरे उगवली तर मात्र ती जागा, कितीही लहान असली, सर्वांत कडक वर्गात जाते. खांड वेळेवर न बुजल्याने भातशेतीचे कांदळवन झालेला शेतकरी दुहेरी अडकतो: पीक गेलेले, आणि जमीन परत लागवडीखाली आणायला नियमाची आडकाठी. कांदळवन राखलेच पाहिजे यात मला शंका नाही, पण खांड कुणी, केव्हा बुजवायची होती याची नोंद त्या रेषेवर असती तर कित्येक शेते या पेचात सापडली नसती.

लांबी मोजताना दोन गोष्टी सांभाळायच्या. नकाशा अक्षांश-रेखांशांत असेल तर आधी तो मीटरमध्ये बदलून घ्यायचा. अलिबागच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश साधारण ११०.७ किलोमीटर भरतो आणि पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०५.५, तेव्हा अंशांत मोजलेली लांबी रेषेच्या दिशेप्रमाणे बदलते. रायगडसाठी यूटीएमचा ४३ वा पट्टा, उत्तर गोलार्ध, हे बरोबर बसते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटरवरून ११,०९८ वर गेला, महाराष्ट्राचा ६५२.६ वरून ८७७.९७ वर. समुद्र वाढला नाही. जुनी मोजणी एकास ४५ लाख प्रमाणाच्या नकाशावरची होती, नवी एकास अडीच लाख प्रमाणावरची. लहान रेषाखंडांनी मोजले की आधी न दिसलेल्या खाड्या आणि वळणे मोजणीत येतात. लुइस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाला हेच देशांच्या सीमांबाबत आढळले होते: स्पेन आणि पोर्तुगाल यांची सामाईक सीमा एका देशाच्या कागदावर ९८७ किलोमीटर, दुसऱ्याच्या १,२१४. गणितज्ञ बेन्वा मांदेलब्रो यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावर लिहिलेला प्रसिद्ध निबंध त्यातूनच आला. म्हणून बाहेरकाठ्याची लांबी सांगताना ती कोणत्या प्रमाणाच्या नकाशावरून घेतली हे सोबत लिहायलाच हवे. दुरुस्तीचा अंदाज तर मोठ्या प्रमाणाच्या नकाशावरून, आणि प्रत्यक्ष चालून. बांधाला स्वतःची रुंदी असते, पाया रुंद आणि माथा अरुंद. रेष फक्त त्याची जागा सांगते, मातीचे घनमीटर सांगत नाही.

रेषा तयार झाल्या की त्यांच्यावरून परत आकृत्या बनवून पाहाव्यात. तितकीच खाचरे परत आली, त्यांची क्षेत्रे मूळ नकाशाशी जुळली, तर कडा नीट सुटल्या. एखादे खाचर आलेच नाही तर त्याची हद्द कुठेतरी उघडी राहिली आहे. ती जागा शोधायला या तपासणीसारखे साधन नाही. मग प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यावा आणि त्याच्यापुढे आतल्या बाजूचा गट, योजना शासकीय की खाजगी, उघाडी कुठे, शेवटची खांड केव्हा पडली आणि केव्हा बुजली, हे लिहावे. खांड बुजवताना नवा बांध जुन्याच रेषेवर पडतो असे नाही. नकाशा आकृत्यांचा असेल तर अशा वेळी खाचरही दुरुस्त करावे लागते आणि खाडीही, आणि दोन्ही दुरुस्त्या जुळतीलच याची खात्री नसते. कड एकदाच साठवली असेल तर ती एक रेष सरकवली की दोन्ही बाजू एकदम बदलतात. पण सरकवण्याआधी जुन्या रेषेची प्रत, तिच्या तारखेसह, वेगळ्या लेयरमध्ये ठेवावी. १९९१ पूर्वी बांध कुठे होता हे दाखवायची पाळी त्या गटाच्या मालकावर कधीही येऊ शकते.